हळदीकुंकवाच्या वाणातले ढेकूण

बंगळुरात मी एकदा साथ पसरवली होती. हळदीकुंकू लावून, मनगटावर अत्तर चोळून, हातावर तिळगूळ ठेवून पसरवली. ज्या सतरा घरांत ती धाडली, त्या घरांतल्या सतरा बायांनी "किती छान कल्पना गं तुझी!" म्हणत माझं तोंडभर कौतुक केलं. गुन्हेगाराला असं कौतुक क्वचितच मिळत असेल. मी तर त्या संध्याकाळी जिन्यापर्यंत जाऊन प्रत्येकीला हात हलवून निरोप दिला होता.

झालं असं, की मला चाळण्यांचा कंटाळा आला होता. बावीस वर्षं या शहरात मी संक्रांतीचं हळदीकुंकू करते आहे आणि बावीस वर्षं आम्ही बाया एकमेकींना वाण म्हणून चाळण्या, डबे, गाळणी आणि पुन्हा चाळण्या देत आलो आहोत. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, सर्वांत वरच्या कपाटात, अकरा चाळण्या आहेत. घरात माणसं दोन. पीठ पिशवीतून तयार येतं. तेव्हा ठरवलं, यंदा रोपं द्यायची. माझ्या बाल्कनीतल्या लाल जास्वंदीच्या फांद्या दिवाळी झाल्यावर छाटल्या, चहाच्या मातीच्या पेल्यांत लावल्या, आणि संक्रांत येईतो सतरा पेल्यांत सतरा पोरी नवी पानं लेवून उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या कमरेला मी लाल दोरा बांधला. नवरा म्हणाला, "सासरी पाठवतेयस की काय?" मी डोळ्यांना पदर लावून दाखवला. मला अशा प्रसंगी अभिनय आवरत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी माझ्या मूळ जास्वंदीच्या शेंड्याला कापूस लागलेला दिसला.

"उशीचा असेल," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं साधं स्पष्टीकरण असतं आणि ते नेहमी झोपेशी संबंधित असतं.

मी नखानं तो कापूस चिरडला. नख लालसर ओलं झालं. कापसातून रक्त निघत नाही, हे मला तेवढ्या सकाळीही कळलं. मग सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि बाल्कनीत मांडी घालून बसले. पानाच्या बेचक्यात, एकमेकींना खेटून, तांदळाच्या कणीएवढी जनावरं बसली होती. अंगभर पांढरं पीठ थापलेलं, कडेनं झालर, आणि पिठाखाली हळूहळू हलणारे इवलेसे पाय. सगळ्यांची तोंडं फांदीत रुतलेली. एकीलाही मान वर करून पाहुण्याकडे बघायची गरज वाटली नाही. इतक्या तन्मयतेनं खाणाऱ्या बाया मी फक्त आमच्याच हळदीकुंकवात पाहिल्या आहेत.

आता हे कोण? मावा म्हणावा तर मावा हिरवा किंवा काळा, उघडाबोडका. लाल कोळी म्हणावा तर तो जाळं विणतो आणि पानावर बारीक पिवळे ठिपके उठवतो. पांढरी माशी असती, तर फांदी हलवताच धूर उठावा तशी उडाली असती. मी फांदी हलवली. कोणी हललं नाही. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, भिंग पुन्हा लावलं, आणि निकाल जाहीर केला: "पिठ्या ढेकूण!"

"ढेकूण?" नवरा आता मात्र उठून उभा राहिला. "आपल्या घरात?"

"माणसांचे नव्हेत. झाडांचे."

तो पुन्हा बसला. मी मात्र बसू शकले नाही. कारण शेंडे मुरडलेले होते, मुठी आवळल्यासारखे, आणि असे मुरडलेले दोन-तीन शेंडे मी दिवाळीतही पाहिले होते. तेव्हा वाटलं होतं, थंडीनं असेल. म्हणजे हे पाहुणे तेव्हाच आले होते. म्हणजे फांद्यांवरून पेल्यांत गेले होते. म्हणजे मी त्यांना लाल दोरा बांधून, ओवाळून, शहरभर...

मी फोन घेतला. चेहऱ्यावर सहज भाव आणला. फोनवर चेहरा दिसत नाही, पण आवाजात उतरतो, हे मला हौशी नाटकांनी शिकवलं आहे. "काय गं, सहज केला. रोप काय म्हणतंय?"

पहिलीचं रोप रिक्षात राहिलं होतं. दुसरीनं ते इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्या ऑफिसात टेबलावर ठेवलं होतं, तिथे एसीत ते चौथ्या दिवशी वाळलं. तिसरी म्हणाली, "रोप? कुठलं रोप?" चौथी रडवेली झाली, "रागावू नकोस हं, पाणी घालायचं विसरले." मी तिला म्हटलं, "अगं, रागावू कशाला, उत्तम केलंस!" ती गोंधळली. अशी यादी करत गेले आणि माझा जीव भांड्यात पडत गेला. बायकांच्या आळसानं मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. साथ जागच्या जागी मेली होती. सोळा रोपं गेली, सोळा घरं वाचली.

सतरावं रोप अक्कांकडे होतं.

अक्का म्हणजे आमच्या भजनाच्या वर्गातल्या सर्वांत वडील बाई. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी जुनी, ठसठशीत, आणि तिच्यात कन्नड अशी मिसळलेली की वेगळी काढायला जाऊ नये. त्यांचे यजमान गेल्यावर पहिल्या वर्षी मी त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही या विचारात होते, तर त्या स्वतःच आल्या, पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाण द्यायचं नसेल तर सांग, तिळगूळ तरी दे." तेव्हापासून माझ्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया येतात.

अक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुझं पोर मजेत आहे. मोठ्याच्या सावलीत ठेवलंय. पण मोठ्याला काय झालं, कळेना. तू ये की एकदा, नोडु, बघून जा."

मोठा म्हणजे के. आर. पुरममधल्या त्यांच्या घराच्या फाटकाला टेकून उभा असलेला जास्वंद. त्याची फांदी अक्कांनी चाळीस वर्षांपूर्वी कुणा साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणावरून चोरली होती, आणि ही गोष्ट त्या भजनापेक्षा जास्त भक्तीनं सांगायच्या. रोज सकाळी त्या झाडाखाली उभ्या राहून रस्त्याशी बोलायच्या. दूधवाला, शाळेच्या बाया, बँकेत जाणारा शेजारी, प्रत्येकाला एक फूल आणि दोन वाक्यं. फुलं संपली तरी वाक्यं चालू.

मी रिंग रोडच्या बसनं गेले. फाटकाशी पोहोचले आणि पाय थबकले. झाड पांढरं झालं होतं. शेंडे आवळलेले, कळ्या उमलण्याआधी गळलेल्या, पानांवर चिकट ओघळ आणि त्यावर काजळी. बुंध्याशी माझं रोप, कमरेला लाल दोरा बांधून, कुणाच्या अंगाखांद्यावर साथ खेळवतंय याची काही कल्पना नसल्यासारखं ऐटीत उभं.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. "मुलगा म्हणतो, म्हातारं झालं, तोडू. त्याला इथे कार लावायचीय. दोन वर्षं मी नाही म्हणतेय. आता त्याला कारण मिळालं. मी पाडव्यापर्यंत मुदत मागून घेतलीय."

"आणि पाडव्याला?"

"कीड दिसली तर आरी." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "कार काय वाईट नाही गं. पण कारपाशी उभं राहून कोणाशी बोलू? फाटकात नुसती म्हातारी उभी दिसली की लोक विचारतात, काय पाहिजे. फुलं तोडत उभी असली की कोणी विचारत नाही."

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण अक्कांनी विचारलं, "तुला औषध ठाऊक आहे का?" आणि माझ्यातली नटी पुढे सरसावली. मी पर्समधून भिंग काढलं, एक पान उलटं केलं, "हं," म्हटलं, दुसरं पान उलटं केलं, पुन्हा "हं," म्हटलं. "पिठ्या ढेकूण. काळजी करू नका. पाच आठवडे आहेत. दर मंगळवारी येते."

"देवासारखी आलीस," अक्का म्हणाल्या. मी भिंग पर्समध्ये टाकलं आणि पर्स जरा जोरातच बंद केली.

तर पहिला मंगळवार. हे किडे अंगाला मेण लावून बसतात, त्यामुळे नुसतं औषध त्यांच्यावरून ओघळून जातं. आधी आंघोळ घालावी लागते. मी नळी लावली, तोंडाशी अंगठा दाबून धार केली आणि प्रत्येक फांदी धुऊन काढली. "अक्का, पानाच्या खालून मारायचं. वरून झाड ओलं होतं, किडा कोरडाच राहतो," असं मी प्राध्यापिकेच्या थाटात सांगितलं. अक्कांनी मान डोलावली. मग मुरडलेले सगळे शेंडे कापून पिशवीत बांधले, कारण ते नुसते खाली टाकले तर पाहुणे चालत परत येतात. माझं रोपही त्याच पिशवीत कोंबलं. "ते का गं?" अक्कांनी विचारलं. "संसर्ग," मी म्हटलं, आणि तो कोणाकडून कोणाला हे सांगितलं नाही.

उरलेल्या पानांवर कडुनिंबाचं तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी त्यात चमचाभर पातळ साबण घोटायचा आणि मग पाणी. पहिल्या खेपेस माझ्या उत्साहानं साबण तिप्पट झाला आणि फवारणी भर दुपारी झाली. दुसऱ्या मंगळवारी गेले तर निम्मी पानं करपलेली. किडे मात्र बेचक्यांत खुशाल. मी कान पकडले, मापाचा चमचा आणला, सकाळी सातला पोहोचायला लागले. जिथे फवारा पोहोचत नव्हता तिथे कान साफ करायच्या कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेका किड्याला टिपलं. एकेकाला! स्टुलावर चढून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एका हातात भिंग. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मी त्यांना निराश केलं नाही. प्रत्येक किड्यामागे मी भुवई उंचावून काडी उगारायची आणि मग हळुवार टेकवायची.

दर मंगळवारी झाड स्वच्छ करून मी विजयी मुद्रेनं बस पकडायची आणि दर मंगळवारी परत जावं तर शेंड्यांवर पुन्हा पीठ. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात हे ठाऊक होतं. पण इतकी? आणि खालून वर, ओळीनं? तीन आठवडे गेले. पाडवा पंधरा दिवसांवर आला. मुलगा येता-जाता झाडाकडे आणि मग माझ्याकडे बघून हसायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, फाटकापासून भिंतीपर्यंत पंधरा फूट आहेत, बरोबर बसते गाडी." मी त्याला स्टुलावरूनच सांगितलं, "तुमच्या गाडीला उन्हात उभं राहायची सवय लावा." म्हटलं खरं, पण बसमध्ये बसल्यावर खांदे दुखायला लागले.

घरी येऊन मी पंप जमिनीवर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, "हरत नाही मी. पण काहीतरी सुटतंय."

"आमच्या ऑफिसात असं झालं की सगळ्यांना हात बाजूला घ्यायला सांगतात," तो म्हणाला. "एक दिवस काही करू नकोस. नुसती बघत बस."

बावीस वर्षांत त्यानं दिलेला झोपेशी संबंध नसलेला हा पहिला सल्ला. मी तो घेतला.

पुढच्या मंगळवारी साडेसहालाच अक्कांच्या पायरीवर जाऊन बसले, पंपाला हात न लावता. अक्का आंघोळ करून बाहेर आल्या. दारात तांदळाच्या पिठीची रांगोळी काढली. मग पदराखालून वाटी काढली, झाडाच्या बुंध्याशी वाकल्या आणि चिमटीनं काहीतरी पेरत गेल्या.

"काय ते, अक्का?"

"रवा-साखर. मुंग्यांना. सासूबाई घालायच्या, मी घालते. मुकी जनावरं, कोणाकडे मागणार?"

मी गुडघ्यांवर आले आणि भिंग लावलं. काळ्या मुंग्यांची रांग साखरेपाशी येत होती आणि तिथून एक फाटा थेट बुंध्यावरून वर चालला होता. मी नजरेनं त्यांच्याबरोबर चढले. वर शेंड्यावर पिठ्यांचा एक घोळका, आणि भोवती मुंग्या, गोठ्यात गवळणी फिराव्यात तशा. एकीनं मिशीनं एका पिठ्याला थोपटलं. पिठ्यानं गोड रसाचा थेंब सोडला. तिनं तो पिऊन टाकला. एवढ्यात एक लहानसा लाल ढालकिडा पानावर उतरला. हा पिठ्यांना खाणारा, आपला दोस्त. तो दोन पावलं पुढे येतो न येतो तोच चार मुंग्या त्याच्यावर धावल्या आणि त्याला पानावरून हुसकून लावलं. मी जागच्या जागी ओरडले. चाळीस वर्षं रोज झाडाच्या पायथ्याशी साखर! ही मुंग्यांची फौज नुसती राहत नव्हती, इथे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होती. मी वरची गुरं मारत होते, आणि गवळणी नवी पिल्लं आणून बांधत होत्या.

"सापडलं!" मी उठून उभी राहिले, हात पसरले. "अक्का, तुमच्या मुंग्या! त्या किडीची राखण करताहेत. ही साखर बुंध्याशी पडते म्हणून त्या इथे आहेत. तुमच्या साखरेमुळे झाड..."

बोलता बोलता अक्कांचा चेहरा दिसला. हातातली वाटी त्यांनी पदराआड घेतली होती. सावकाश पायरीवर बसल्या.

"म्हणजे मीच?" त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं?"

बघा, काय सोय होती! निम्मं खरं तर मी सांगूनच बसले होते, उरलेलं निम्मं कधीच कोणाला कळलं नसतं. लाल दोऱ्याचं रोप कचऱ्यात जाऊन चार आठवडे झाले होते. मी नुसतं "असू द्या अक्का, चुकून होतं" म्हटलं असतं तर त्यांनी माझे हात धरून आभार मानले असते. पण त्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या, बोटांना रवा चिकटलेला होता, आणि माझ्यातली नटी त्या घटकेला कुठे पळाली कोण जाणे.

"अक्का, मुंग्यांनी राखलं. पण कीड मी आणली. वाणातून. माझ्या रोपावर होती. मला महिन्याभरापासून माहीत आहे."

रस्त्यावरून शाळेची बस गेली.

"पहिल्या दिवशी आलीस तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"तरी भिंग लावून 'हं, हं' केलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मी तुला देवासारखी म्हटलं. महिनाभर कॉफी पाजली. भजनात सगळ्यांना सांगितलं, बघा, कशी बसनं येते माझ्या झाडासाठी." त्या उठल्या. "चूक झाली त्याचं काही नाही गं. पण डॉक्टरीण होऊन मिरवलीस? सरी, ठीक आहे. आता जा."

फाटकाची कडी त्यांनी आतून घातली. मी पंप घेऊन रस्त्यावर उभी. त्या दिवशी बसमध्ये मी कोणाकडेही बघितलं नाही.

नवऱ्याला वाटलं प्रकरण संपलं. मलाही दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी मी मोजलं तेव्हा पाडव्याच्या आधी एकच मंगळवार उरला होता. अक्का मला माफ करोत वा न करोत, ते त्यांचं. पण आरी माझ्या किड्यांमुळे चालणार होती आणि ते मला चालणार नव्हतं.

मंगळवारी सातला मी हजर. फाटकाला कडी. हाक मारली, "अक्का!" उत्तर नाही. खिडकीचा पडदा मात्र हलल्यासारखा वाटला. झाड फाटकाला टेकूनच होतं, अर्ध्या फांद्या रस्त्यावर. मी पंपात हवा भरली, नळीचं तोंड गजांतून आत घातलं आणि बाहेरूनच सुरू केलं. फांद्यांवर पाणी, गजांवर पाणी, माझ्या चष्म्यावर पाणी. एक रिक्षा थांबली. चालकानं मान बाहेर काढली. "एनु मॅडम, एन माडता इद्दीरा?" काय करताय म्हणून.

"गिडक्के हुषारिल्ला," मी माझ्या बावीस वर्षांच्या कन्नडमध्ये सांगितलं. झाडाला बरं नाही.

"मने वळगिंद माडि," त्यानं प्रेमानं सुचवलं, घराच्या आतून करा की. मी त्याला कडी दाखवली. त्यानं कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रिक्षा बंद केली आणि नाटक पूर्ण बघायला बसला. दूधवाला थांबला. शेजारीण कुंचा हातात घेऊन आली. एरवी मी अशा प्रेक्षकांना काय काय दिलं असतं! त्या दिवशी मी फक्त पाणी मारत राहिले.

"खालून मार!"

खिडकीतून आवाज आला. मी वर बघितलं.

"पानाच्या खालून मार म्हणते! इतकी शिकलेली, भिंग घेऊन फिरते, आणि वरून पाणी मारतेय. झाड ओलं होतं, किडा कोरडाच राहतो. कोणी सांगितलं नाही का तुला?"

"सांगितलं होतं, अक्का," मी म्हटलं. "मीच."

रिक्षावाला काही न कळताही हसला. कडी वाजली. अक्का फाटकात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "आत ये. रस्त्याला तमाशा पुरे. राग गेलेला नाही, समजून ये."

आत गेले आणि बघतच राहिले. बुंध्याशी साखरेचा कण नव्हता. लांब मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ, एक वेगळी रांगोळी होती आणि तिच्या मधोमध रवा-साखरेचा ढीग. मुंग्यांची जाड रांग भिंतीच्या कडेनं तिकडेच चालली होती. झाडाकडचा फाटा ओस पडला होता.

"त्यांना उपाशी कशी ठेवू? मग विचार केला, पंगत हलवू," अक्का म्हणाल्या. "पहिले दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. आयतं मिळत असेल तर गुरं राखायला कोण झाडावर चढेल?"

कुठल्याच व्हिडिओत मला हे सापडलं नव्हतं. मी तर मुंग्यांसाठी विषाची पुडी पर्समध्ये घेऊन आले होते. ती मी बाहेर काढली नाही. आम्ही दोघींनी मिळून बुंध्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि तिला एरंडेल चोपडलं, चुकूनमाकून कोणी चढायला लागलीच तर पाय चिकटावेत म्हणून. मग अक्कांनी स्टूल धरलं आणि मी राहिलेले शेंडे कापले, अगदी जाड फांदीपर्यंत. झाड बोडकं दिसायला लागलं. कापताना अक्का दुसरीकडे बघत होत्या, पण "पुरे" म्हणाल्या नाहीत.

पाडव्याला मी सकाळीच गेले. अक्कांनी दाराला कडुनिंबाचा डहाळा आणि आंब्याचं तोरण बांधलं होतं. मुलगा नवा शर्ट घालून आला. झाडावर एक फूल नव्हतं. मात्र प्रत्येक कापलेल्या फांदीच्या टोकाशी नखाएवढी पोपटी पानं होती, सरळ, न मुरडलेली.

"कीड दिसली तर आरी, असं ठरलंय," तो म्हणाला.

"ठरलंय," अक्का म्हणाल्या. मी त्याच्या हातात भिंग दिलं. "शोधा."

तो आधी उभ्या उभ्या शोधायला लागला. मग वाकला. मग नव्या शर्टानिशी स्टुलावर चढला. त्याला ढालकिडा सापडला. तो आता निर्धास्त फिरत होता, हुसकावायला कोणी नव्हतं. "हा कोण?" "हा आपला." मग ढालकिड्याची अंडी, पिवळी, मुगाच्या फुटक्या डाळीसारखी. "आणि ही?" "त्याचीच पोरं." पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आत पुरण थंड होत होतं. शेवटी खाली उतरून जमिनीजवळच्या एका बेचक्यात त्यानं भिंग रोखलं आणि ओरडला, "आहे! एक आहे! अम्मा, बघ, पांढरा!"

मी बघितलं. होता. एक. आळशी, गुबगुबीत, पीठ लावून बसलेला.

अक्का जवळ आल्या. त्यांनी भिंगातून नीट बघून घेतलं. मग तोंड उघडून एका दाढेवर बोट ठेवलं. "इथे पण एक कीड आहे. डॉक्टरनं गेल्या महिन्यात सांगितलं. मला कधी तोडतोस?"

मुलगा बुंध्याशी उकिडवा बसला होता, हातात भिंग, पोटावर एरंडेलाचा डाग. तो माझ्याकडे बघायला लागला. मी पहिल्यांदाच त्या घरात काहीही अभिनय केला नाही. पर्समधून स्पिरिट आणि काडी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं काडी घेतली, बुडवली, आणि जीभ दातांत धरून त्या एकाला टिपलं.

"गाडी रस्त्यावर लावतो," तो म्हणाला. "पण मॅडमनी यायचं. दर पंधरा दिवसांनी. नाहीतर हे मी करणार नाही."

मी जाते. अजून जाते, आता पंधरा दिवसांतून एकदा. जून उलटता उलटता फुलं आली. पहिलं फूल अक्कांनी रिक्षावाल्याला दिलं, कारण तो त्या दिवसापासून रोज फाटकाशी थांबून झाडाची चौकशी करायचा. मला दुसरं मिळालं.

पुढच्या संक्रांतीला मी शहाण्यासारखी चाळण्या आणल्या. स्टीलच्या, चांगल्या जाड काठाच्या. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पहिल्या खुर्चीवरच्या अक्कांच्या हातात चाळणी ठेवली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी पदराखालून माझं भिंग काढलं, जे मुलाकडून परत मिळालंच नव्हतं. मग सोळा बायांच्या देखत चाळणी उलटी केली आणि अगदी सावकाश, काठाकाठानं, खालून तपासली.

"सरी," त्या म्हणाल्या आणि चाळणी पिशवीत टाकली.